माणसाचा हात न लागलेली जागा



या वेळी आम्हाला एक चूक कबूल करायची आहे. ती आम्ही चौघांनी मिळून केली, तीही धर्मग्रामाच्या सभागृहात, माइक हातात घेऊन. चूक सगळ्यांसमोर झाली, तेव्हा कबुलीही सगळ्यांसमोरच द्यायला हवी.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही चौघं, म्हणजे आपल्याच धर्मग्रामातली दोन जोडपी, स्कॉटलंडला जाऊन आलो. आमच्यातल्या एका जोडप्याची मुलगी ग्लासगोला नोकरी करते. तिनं तिकिटं काढली, बूट घेऊन दिले आणि डोंगरात चालायला नेलं. परत आल्यावर एका रविवारी मिस्सानंतर फादरांनी सांगितलं, फोटो दाखवा, चार शब्द बोला. आम्ही बोललो. त्यातलं एक वाक्य असं होतं: "माणसाचा हात न लागलेली, देवानं निर्माण केली तशीच्या तशी राहिलेली जागा आम्ही पाहिली." सगळे "आमेन" म्हणाले. आम्हालाही भरून आलं होतं.

ते वाक्य खोटं होतं. मुद्दाम बोललेलं नव्हतं, पण खोटं होतं. आणि असं वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये, आपल्या सहलींत, साधनांत आणि साक्षींत इतक्या सहज बोललं जातं, की त्याबद्दल लिहिणं आम्हाला गरजेचं वाटतं.

आधी जागा कोणती ते सांगतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोरर नावाचं छोटं गाव आहे. ग्लासगोहून मॅलेगला जाणारी रेल्वे तिथे थांबते. गावाला लागून लॉख मोरर आहे. लॉख म्हणजे तिकडच्या गेलिक भाषेत सरोवर. समुद्राची आत शिरलेली खाडी असली तरी तिलाही लॉखच म्हणतात. लॉख मोरर मात्र गोड्या पाण्याचं आहे, लांबी साधारण १९ किलोमीटर, आणि खोली ३१० मीटर. सगळ्या ब्रिटनमध्ये याहून खोल सरोवर नाही. चार कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी वरचं टोक पाण्याबाहेर येणार नाही. हिमयुगात बर्फाच्या नदीनं डोंगर कोरून हा खड्डा केला. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रापासून जेमतेम नऊ-दहा मीटर उंच, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्या तीनशे मीटर खाली. किनाऱ्यावर उभं राहिलं की हे काही दिसत नाही. पाणी काळसर, शांत असतं, इतकंच दिसतं.

सरोवराच्या उत्तर काठानं एक अरुंद रस्ता ब्राकोरीना नावाच्या वस्तीपर्यंत जातो आणि तिथे संपतो. पुढे फक्त पायवाट. ती वाट काठाकाठानं, कधी पाण्याच्या हातभर वर तर कधी उंच चढून, स्वॉर्डलंडपर्यंत जाते, तिथून एका खिंडीतून पलीकडे टार्बेटला उतरते. टार्बेट दुसऱ्या लॉखच्या काठावर आहे, लॉख नेव्हिसच्या, आणि ती समुद्राची खाडी आहे. तिथेही गाडीरस्ता नाही. आधी सांगून ठेवलं तर मॅलेगची बोट दुपारी घ्यायला येते. बोट चुकली तर आलेल्या वाटेनं परत चालायचं.

आम्ही चालणारे लोक नाही. आमची चाल म्हणजे घर ते देऊळ आणि देऊळ ते बाजार. त्यामुळे त्या दिवशी बरंच शिकायला मिळालं. पीट नावाची काळी, स्पंजासारखी माती असते. वरून हिरवळ दिसते, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. पाऊस आला, गेला, ऊन पडलं, पुन्हा पाऊस आला, हे सगळं एका तासात. वारा थांबला की मिज नावाची बारीक चिलटं थव्यानं येतात आणि माणसाला उभं राहू देत नाहीत. फोनला रेंज नाही. मुलीनं नकाशा आणि होकायंत्र घेतलं होतं आणि निघण्यापूर्वी राहत्या जागी सांगून ठेवलं होतं, कोणत्या वाटेनं जाणार, किती वाजता परतणार. डोंगरात जाणाऱ्यानं हे करायचंच असतं, असं तिनं आम्हाला बजावलं.

पण जे दिसलं ते डोळ्यांत मावेना. पूर्वेकडे सरोवर निमुळतं होत डोंगरांत शिरतं. त्या टोकाला ना रस्ता, ना दिवा. एकामागे एक डोंगर, त्यांच्यावर झाडं नाहीत, नुसतं गवत आणि खडक, आणि उतारावरून पांढऱ्या रेघांसारखे वाहणारे ओहोळ. दुपारी एका पडक्या दगडी भिंतीवर बसून आम्ही डबा खाल्ला. चौघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. अर्धा तास कुणी बोललं नाही. तिथेच ते वाक्य आमच्या मनात तयार झालं असणार.

सभागृहात आम्ही दाखवलेला शेवटचा फोटो त्याच जागेचा होता. लोक उठायला लागले होते, चहा आला होता. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या मावशींनी हात वर केला. मावशी आपल्या धर्मग्रामात लग्न होऊन आल्या. त्यांचं माहेर गोव्यातलं, सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावचं. कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

मावशी म्हणाल्या, "तुम्ही बसलाय ते काय आहे?"

आम्ही म्हणालो, "जुनी भिंत आहे मावशी, पडकी."

"मधे दाराची जागा सोडलीय बघा. हे घर आहे. घराचं जोतं आहे हे."

आम्ही मोठा करून फोटो बघितला. खरंच होतं. दोन भिंतींच्या मधे एका माणसाला जाता येईल एवढी जागा होती, आणि तिच्या तळाशी एक सपाट दगड. उंबरा.

मावशी पुढे म्हणाल्या, "आमचं घर मे महिन्यात असंच दिसतं. पाणी खाली जातं ना, तेव्हा. जोतं आणि दाराची जागा." आणि मग, रागानं नाही, साध्या चौकशीनं त्यांनी विचारलं, "ही माणसं कुठे गेली?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. माणसाचा हात न लागलेल्या जागेची साक्ष आम्ही कुणाच्या तरी घराच्या भिंतीवर बसून, पोट भरून, तयार केली होती.

त्या रात्रीपासून आम्ही वाचायला लागलो. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आता थोडंफार देता येतं, म्हणून देतो.

लॉख मोररच्या काठावर शेकडो वर्षं माणसं राहत होती. आमच्या वाटेवरच ब्रिनाकरी नावाची वस्ती होती. आज तिथे फक्त भिंती उरल्या आहेत. मुलीनं तेव्हा नाव वाचून दाखवलं होतं, आम्ही "हो का" म्हणून पुढे गेलो होतो. फोटो पुन्हा पाहिले तेव्हा उतारावर लांब लांब पट्टे दिसले, गवताखाली झाकलेले. आमच्यातल्या एकानं लहानपणी शेती केली आहे. त्यानं लगेच ओळखलं: सरी-वरंबे. त्या ओल्या जमिनीत पाणी तुंबू नये म्हणून माती वर ओढून, समुद्रातलं शेवाळ खत म्हणून घालून, लोक ओट आणि बटाटे पिकवत. सगळं काम कुदळ-फावड्यानं, हातानं. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर नेत, तिथे छोट्या झोपड्या बांधून बाया-पोरं राहत, लोणी-चीज करत. आम्ही ज्याला निर्जन डोंगर म्हटलं, तो कुणाचा तरी गुरं चारायचा डोंगर होता.

ही माणसं आपल्याच श्रद्धेची होती, हे वाचून तर आम्ही खजील झालो. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी आली, पण या दुर्गम भागातल्या लोकांनी श्रद्धा सोडली नाही. सरोवराच्या पश्चिम टोकाला काही लहान बेटं आहेत. त्यातल्या एलन बान नावाच्या बेटावर १७१४ साली धर्मगुरू घडवण्यासाठी लपूनछपून एक छोटं गुरुकुल सुरू झालं. दोनच वर्षांत, राजकीय उठाव फसल्यावर, ते बंद पडलं. पुढे ते काही वर्षं पुन्हा चाललं. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईनंतर सरकारी सैनिकांनी बेटावर जाऊन तिथलं बिशपांचं घर उद्ध्वस्त केलं. आम्ही त्या बेटांचा फोटो काढला होता. फोटोखाली लिहिलं होतं, "किती सुंदर!"

मग ही माणसं कुठे गेली? सगळी एकाच दिवशी गेली नाहीत, आणि सगळी एकाच कारणानंही गेली नाहीत. कलोडननंतर जुनी व्यवस्था मोडली. जमिनीचे मालक आपल्या माणसांकडे कुळाच्या नात्यानं बघायचे, ते आता उत्पन्नाच्या हिशेबानं बघायला लागले. खंड वाढले. १७८६ साली शेजारच्या नॉयडार्टमधून सुमारे ५०० माणसं एका जहाजानं कॅनडाला निघाली, त्यांच्यासोबत त्यांचे धर्मगुरू फादर अलेक्झांडर मॅकडोनेलही गेले. १७९० साली मोरर आणि आसपासच्या भागातले लोक जहाजांनी प्रिन्स एडवर्ड बेटाकडे गेले. हे लोक निदान स्वतः ठरवून, एकत्र गेले. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात आजही आरिसेग आणि नॉयडार्ट नावाची गावं आहेत. माणसं जाताना गावाचं नाव बरोबर घेऊन गेली.

त्यानंतरचं वाचवत नाही. मेंढ्यांचा धंदा फायद्याचा ठरला आणि माणसं अडचणीची. टार्बेटच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत आम्ही समोरच्या ज्या डोंगरांचे फोटो काढत होतो, ते नॉयडार्ट. १८५३ साली तिथल्या मालकीणबाईंनी, जोसेफीन मॅकडोनेल यांनी, आपल्या कुळांना काढून जमीन मेंढ्यांसाठी मोकळी केली. तीनशेहून अधिक माणसं 'सिलरी' नावाच्या जहाजावर चढवून कॅनडाला पाठवली गेली. ज्या थोड्या कुटुंबांनी जायला नकार दिला त्यांची घरं पाडली. त्यांनी भिंतींच्या आडोशाला आसरे उभारले, तेही पाडले. त्यात म्हातारी आणि आजारी माणसं होती. डोनाल्ड रॉस नावाच्या गृहस्थांनी तेव्हाच ही हकीकत छापून प्रसिद्ध केली, म्हणून ती आज कळते.

पुढे मेंढ्यांचाही भाव पडला. मग श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणं आली. या शिकारीच्या रानांना तिथे 'हरणांचं जंगल' म्हणतात, पण त्यात झाड शोधावं लागतं. मेंढ्यांनी आणि हरणांनी कोवळा कोंब वर येऊच दिला नाही. आम्हाला जे उघडे डोंगर "देवानं निर्माण केले तसे" वाटले होते, त्यांचं उघडेपण मोठ्या प्रमाणात चरण्यामुळे टिकलं आहे. पुरावा समोरच होता. मोररच्या त्या बेटांवर दाट झाडी आहे. पाऊस तोच, दगड तोच. फरक एवढाच, की बेटांवर मेंढ्या-हरणांचा त्रास पोचला नाही.

आता आमचं मत सांगतो.

डोंगरात जाऊन देवाची स्तुती करू नये, असं आम्ही म्हणत नाही. प्रभू येशू स्वतः पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जात असे, मार्कच्या पहिल्याच अध्यायात ते आहे. त्या पाण्याकाठी आम्ही म्हटलेली प्रार्थना खरी होती आणि तो अर्धा तास आम्ही आयुष्यभर विसरणार नाही. प्रश्न त्यानंतरच्या वाक्याचा आहे. एखाद्या जागेला "माणसाचा हात न लागलेली" म्हटलं की तिथे राहिलेल्या माणसांना आपण दुसऱ्यांदा बाहेर काढतो. पहिल्यांदा काढणाऱ्याला निदान त्यांची नावं ठाऊक होती. आपण तर ती होती हेच पुसतो, आणि वर त्या पुसण्याला देवाचं नाव लावतो.

पवित्र शास्त्र असं वागत नाही. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात हागार रानात, झऱ्यापाशी बसली आहे. देवदूत तिला पहिल्यांदा काय विचारतो? कुठून आलीस आणि कुठे चाललीस. ती ज्या देवाला 'पाहणारा' म्हणून हाक मारते, तो रानातलं रान पाहत नाही, रानातली बाई पाहतो. मार्कच्या सहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना विसाव्यासाठी निवांत जागी नेतो, आणि होडीतून उतरतो तर समोर लोकसमुदाय. एकांत मोडला म्हणून तो रागावत नाही. त्याला त्यांचा कळवळा येतो. आणि यशयाच्या पाचव्या अध्यायात तर आमच्या डोळ्यांसमोर नॉयडार्टच उभं राहिलं. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणारे, शेवटी देशात आपण एकटेच उरेपर्यंत न थांबणारे, अशांबद्दल संदेष्ट्याचा तिथे हाय-हाय आहे. यशयाच्या त्या रिकाम्या देशात कुणी उभं राहून "वा, किती शांत!" म्हटलं असतं, तर संदेष्ट्यानं त्याला काय ऐकवलं असतं, याचा विचार आम्ही करतो आहोत.

यावर दोन आक्षेप आम्हाला ऐकू आले, आणि ते बाजूला सारण्यासारखे नाहीत.

पहिला आमच्यातल्याच एकाचा. देवाच्या सृष्टीचा आनंद घ्यायला गेलेल्या माणसावर शेकडो वर्षांपूर्वीच्या दुःखाचं ओझं कशाला? आम्ही तिथे कुणाला हाकललं नाही. हे खरं आहे. पण स्मरण म्हणजे दोषारोप नव्हे. प्रत्येक मिस्सामध्ये आपण मृतांची आठवण करतो, ती आपण त्यांना मारलं म्हणून करत नाही. ती माणसं आपली आहेत म्हणून करतो. आणि आनंद कमी होतो असंही नाही. आता ते फोटो बघताना आम्ही डोंगराइतकाच वरंब्यांकडे बघतो. एवढ्या ओल्या, दगडाळ उतारावर हातानं बटाटे पिकवणारी माणसं कशी असतील, याचं नवल वाटतं. तीही देवाचीच निर्मिती होती ना?

दुसरा आक्षेप एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा. ते म्हणाले, जे झालं ते देवाच्या योजनेत झालं असेल. कॅनडात त्यांचं भलंच झालं की. काहींचं झालं, मान्य. पण माणसानं केलेल्या अन्यायावर देवाच्या योजनेचं पांघरूण घालण्यात ख्रिस्ती लोकांचा हात नेहमीच होता, आणि त्याची किंमत गरिबानं मोजली. मोररपासून बरंच उत्तरेला क्रॉइक नावाची चर्च आहे. १८४५ साली ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातून काढलेल्या कुटुंबांनी त्या चर्चच्या आवारात आसरा घेतला. चर्चच्या खिडकीच्या काचांवर त्यांनी कोरून ठेवलेले शब्द आजही वाचता येतात. त्यात त्यांनी मालकाला दोष दिलेला नाही. स्वतःलाच पापी म्हटलं आहे. घर गेलं ते आपल्याच पापाची शिक्षा म्हणून, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांना कुणी शिकवलं असेल? जमीनदाराच्या बाजूनं बोलणारे पाळक त्या काळी कमी नव्हते. हाच तो काळ, जेव्हा स्कॉटलंडमधून मिशनरी आपल्याकडे येत होते. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले, पुढे स्टीफन हिस्लॉप नागपूरला. आपल्या मराठी मंडळ्या त्यांच्या कष्टांच्या ऋणी आहेत, आणि ते ऋण आम्ही नाकारत नाही. पण ज्या देशातून आपल्याला सुवार्ता आली त्याच देशात ख्रिस्ती माणसानं ख्रिस्ती माणसाचं घर पाडलं, आणि पुष्कळांनी ते मुकाट्यानं पाहिलं, हेही आपल्याला ठाऊक असायला हवं. नाहीतर आपल्यावर तशी वेळ आली की आपणही मुकाट्यानंच पाहू.

तिथल्याच काही डोंगर चालणाऱ्यांनी यातून चांगली वाट काढली आहे, तीही सांगायला हवी. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरच्या शिखरांना 'मन्रो' म्हणतात, कारण सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत. ती सगळी चढल्याचा मान ज्यांना पहिल्यांदा मिळाला ते एक पाळक होते, रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन. साल १९०१. शेवटच्या शिखरावर त्यांनी आधी दगडांच्या राशीचं चुंबन घेतलं आणि मग पत्नीचं, अशी गोष्ट सांगतात. आम्हाला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटलं. दुर्गम खोऱ्यांत ते मेंढपाळांच्या आणि रानरखवालदारांच्या घरी मुक्काम करत, आणि डोंगरांबरोबर त्या माणसांचेही फोटो काढत. पुढे गावोगावच्या जुन्या वाटांवरचा लोकांचा हक्क टिकवणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. वाट माणसांच्या पायांनी पडते. गुरं नेणाऱ्या, बाजाराला जाणाऱ्या, प्रेत खांद्यावर घेऊन दफनभूमीकडे जाणाऱ्या माणसांच्या पायांनी. वाट जपली तर त्या चालण्याची खूण तरी राहते.

आणखी एक गोष्ट. लॉख मोररच्या अगदी पूर्व टोकाला, जिथे आम्ही पोचलोच नाही, एक जुनं घर उभं आहे. असंच एक लॉख नेव्हिसच्या टोकाला, स्गूर ना कीखे या १०४० मीटर उंच शिखराच्या पायथ्याशी आहे. अशा सोडलेल्या घरांना तिथे 'बॉथी' म्हणतात. १९६५ साली सुरू झालेली एक संस्था स्वयंसेवकांच्या श्रमानं त्यांची छपरं शाकारते. दाराला कुलूप नाही, भाडं नाही. येणाऱ्यानं रात्र काढायची, केर काढायचा, जमलं तर पुढच्यासाठी चार लाकडं ठेवून जायचं. ज्या डोंगरांतून माणसांना हाकललं, तिथे आता अनोळखी माणसासाठी दार उघडं असतं. मूळ घरवाले त्यानं परत येत नाहीत. पण घर घर राहतं.

आणि नॉयडार्टमध्ये माणसं टिकून राहिली आहेत. १९४८ साली लढाईवरून परतलेल्यांसह सात जणांनी मालकाच्या जमिनीवर आपापले तुकडे आखले. न्यायालयात ते हरले. पण १९९९ साली तिथली मोठी जमीन गावाच्याच न्यासाच्या ताब्यात आली. आज तिथे शंभरएक माणसं राहतात. बाहेरून तिथे जायला अजूनही रस्ता नाही, बोटीनं जा नाहीतर चालत जा. त्या दिवशी टार्बेटहून बोटीत बसल्यावर दूरवर त्यांची पांढरी घरं दिसली होती, तेव्हा आमच्यातलं कुणीतरी म्हणालं होतं, "इथे कोण राहत असेल बाई!"

तर मग आपण काय करायचं? फार काही नाही. आमच्या चार विनंत्या आहेत.

साक्ष देताना, फोटो दाखवताना, "माणसाचा हात न लागलेली" हे शब्द टाळू या. जागा सुंदर असेल तर सुंदर म्हणू या, तेवढं पुरेसं आहे.

धर्मग्रामाची सहल किंवा साधना डोंगरात, धरणाकाठी, रिसॉर्टवर ठरली, तर जाण्यापूर्वी एकानं चौकशी करावी: तिथे आधी कोण राहत होतं? आज कोण राहतं? उत्तर मिळवायला लांब जावं लागत नाही. चहाच्या टपरीवर विचारलं तरी कुणीतरी सांगतं.

तिथे प्रार्थना करताना एक वाक्य त्या माणसांसाठी असावं. ती कोणत्या धर्माची होती हे विचारायची गरज नाही.

आणि आपल्यातल्या ज्यांची गावं गेली आहेत, धरणात, कारखान्यात, रस्त्यात, त्यांना बोलू द्यावं. मावशी इतकी वर्षं आपल्या धर्मग्रामात आहेत. कुर्डीबद्दल त्यांना कुणीच कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी आमचे फोटो नसते तर आजही विचारलं नसतं.

मे महिन्यात पाणी ओसरलं की कुर्डीचे लोक परत जातात. त्यांच्या चॅपेलचा सण होतो, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, वेगवेगळ्या धर्मांचे जुने शेजारी महिनाभरापुरत्या वर आलेल्या आपल्या जमिनीवर भेटतात. येत्या मे महिन्यात आम्ही चौघं मावशींबरोबर जाणार आहोत. गाडीत अजून तीन जागा आहेत. यायचं असेल त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावं. या वेळी डबा खायला कुठे बसायचं ते मावशी सांगतील.

आपण प्रार्थना करू या.

हे पाहणाऱ्या देवा, तुझे डोंगर आणि तुझं खोल पाणी आम्ही पाहिलं, त्याबद्दल तुझे आभार. तिथे ज्यांच्या चुली होत्या त्यांना आम्ही पाहिलं नाही, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर. घर सोडावं लागलेल्या सगळ्यांना, मोररच्या, नॉयडार्टच्या, कुर्डीच्या, आणि आज रात्री कुठेतरी बोचकं बांधणाऱ्या प्रत्येकाला, तुझ्या घरात जागा दे. आम्ही चालू त्या वाटेवर आमच्या आधी चाललेल्यांची आठवण आम्हाला राहू दे. हे आम्ही आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावानं मागतो. आमेन.